चावी काचेच्या पेटीत

आमचं बालपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेलं आणि तिथल्या पोरांना अक्षरं यायच्या आधी भोंगा मोजता येतो. खरं सांगते. रात्री भोंगा वाजला की आई अंथरुणात उठून बसायची, बोट ओठावर ठेवून आम्हाला गप्प करायची आणि मोजायची. दोन लांब म्हणजे शेडमध्ये नाहीतर शेजारच्या यार्डात काहीतरी झालंय. तीन लांब म्हणजे बाहेरच्या स्टेशनला अपघात, पण मेन लाइन मोकळी आहे. तीन लांब आणि वर एक आखूड, म्हणजे लाइन पण अडलीये. आणि चार लांब झाले की आईची पाठ ताठ व्हायची, कारण चार लांब म्हणजे मेडिकल व्हॅन मागितलीये, म्हणजे माणसं जखमी आहेत, म्हणजे बाबा निघणार. चार लांब एक आखूड असेल तर लाइनही बंद आणि माणसंही जखमी, मग बाबा कधी परत येतील ते सांगताच यायचं नाही.

बाबा रेल्वे हॉस्पिटलला फार्मासिस्ट होते. मेडिकल व्हॅनचा सगळा स्टॉक त्यांच्याकडे होता. बाकीचे लोक त्या गाडीला एआरएमव्ही म्हणतात, म्हणजे अपघात झाला की डॉक्टर, नर्स, ड्रेसर आणि सगळं सामान घेऊन जाणारी रेल्वेचीच गाडी. बहुतेक ठिकाणी दोन डब्यांची असते, एकात ऑपरेशन टेबल, जखमींसाठी बर्थ आणि कपाटंच कपाटं, दुसऱ्यात स्टाफ आणि बाकीचं सामान. काही ठिकाणी आता इंजिन न लावता स्वतःच चालणारी पण आहे. ती साइडिंगला उभी असते. वर्षातले जवळजवळ सगळे दिवस ती नुसती उभीच असते, आणि लहानपणी मला वाटायचं की ही बिचारी गाडी कुठे जातच नाही, बाकीच्या सगळ्या गाड्या मुंबईला जातात, हावड्याला जातात, हिला कोणी नेत नाही.

बाबांना एकदा विचारलं होतं तसं. ते म्हणाले, "उभं राहणं हेच तिचं काम आहे बेटा."

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे, ते सांगते. मी स्वतः आता २२ वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत, आणि घाटाच्या पायथ्याला असलेल्या एका हॉस्पिटलमध्ये मी जी एक रात्र काढली त्यानंतर बाबांच्या त्या गाडीबद्दल माझं मत पूर्ण बदललं.

आधी ती रात्र. श्रावणातली, बाहेर धो धो पाऊस. अडीचच्या सुमारास फोन आला की देवदर्शनाची खाजगी बस घाटात उलटलीये. किती लोक विचारलं तर "भरपूर" एवढंच. मग पहिली १०८ आली, त्यात दोघं, एक स्ट्रेचरवर आणि एक बाकड्यावर. मग दुसरी. आणि मग त्यांच्या मागून टेम्पो, काळी-पिवळी, कोणाची तरी बोलेरो, जे जे घाटात थांबले होते त्यांनी जसं जमेल तसं माणसांना आणलं. पाऊण तासात आमच्याकडे ३१ जण होते आणि ड्युटीवर आम्ही एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा.

आमच्याकडे मानेचे कॉलर चार होते. चार! पाचव्या माणसाला आम्ही वर्तमानपत्राची जाड घडी करून ती टॉवेलात गुंडाळून मानेला लावली. हात मोडलेल्यांना सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दोन्ही बाजूंनी लावायचा आणि वरून रोलर बँडेज गुंडाळायचं, ते बरं बसतं, पुठ्ठ्याला घडी असते त्यामुळे हात त्यात पन्हाळीसारखा बसतो. एका माणसाच्या दंडातून रक्त थांबेना तर बीपीचा पट्टा वर बांधून फुगवून ठेवला आणि मग बाकीच्यांचं बीपी बघायला एकच मशीन उरलं. एक नऊवारीतल्या आजी होत्या, मांडीचं हाड मोडलेलं, पाय एवढा सुजलेला, त्या ओरडत पण नव्हत्या, नुसतं माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांचा मोडलेला पाय मी त्यांच्याच चांगल्या पायाला बांधला, मध्ये चादरीची घडी घालून. शिकवलेलं असतं तसं, काहीच नसेल तर रुग्णाचा दुसरा पाय हाच स्प्लिंट. पण आमच्याकडे काहीच नव्हतं असं नव्हतं ना. तोच तर विषय आहे.

बाजूच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं होतं, आपत्कालीन साहित्य. त्यात काय आहे हे आम्हा रात्रीच्या लोकांपैकी कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण काहीतरी आहे हे माहीत होतं. आणि त्याची चावी स्टोअरवाल्यांकडे, ते रजेवर गावाला गेलेले, फोन लागत नाही. मी तीनदा लावला फोन. शेवटी मामांनी ऑक्सिजन सिलेंडर उघडायचा लोखंडी पाना घेतला, त्याला आमच्याकडे चावीच म्हणतात, आणि त्या चावीने कुलूप तोडलं.

आत १२ कॉलर होते. कोरे, प्लास्टिकच्या पिशवीत. मोडलेल्या मांडीसाठीचे थॉमस स्प्लिंट दोन. फोल्डिंग स्ट्रेचर दोन. ग्लोव्हजचे डबे होते पण उष्णतेने एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला, चिकटपट्ट्या सुकलेल्या, आणि टॉर्चमध्ये सेल तसेच ठेवलेले होते ते फुटून आतलं पाणी बाहेर येऊन टॉर्चच्या बुडाला हिरवी बुरशी आल्यासारखं झालेलं. तोपर्यंत पहाटेचे साडेचार झाले होते. मी त्यातला स्प्लिंट घेऊन आजींकडे गेले तेव्हा त्यांना पुढे पाठवायला गाडी दारात लागलेली होती.

त्या आजी वाचल्या. नंतर त्यांचा मुलगा येऊन भेटून गेला. पण ते दोन तास मला अजून खातात, कारण सामान भिंतीपलीकडे होतं.

सकाळी घरी आले आणि बाबांना फोन केला, रडले पण. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? कपाटात काय काय होतं, हे त्यांनी विचारलंच नाही. "डुप्लिकेट चावी कुठे होती?" म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं असेल पण डोक्यात त्या दिवशी शिरलं. मेडिकल व्हॅनच्या चाव्यांचा एक जुडगा डॉक्टरांकडे असतो. दुसरा स्टेशन मास्तरच्या ऑफिसात, भिंतीवर, समोरून काच असलेल्या छोट्या पेटीत. कुलूप असलेल्या ड्रॉवरमध्ये ठेवत नाहीत. चावी सगळ्यांना दिसते, येता-जाता पोर्टरलाही दिसते, आणि वेळ आली की काच फोडायची, कोणाला विचारत बसायचं नाही. काच शाबूत आहे म्हणजे चावी जागेवर आहे, हे पण लांबूनच कळतं. एवढीशी गोष्ट, पण त्यामागे किती विचार केलाय बघा, म्हणजे सामान चोरीला जाऊ नये आणि वेळेला अडूही नये, दोन्ही एका काचेत बसवलंय.

आणि साइडिंगचंही तसंच. गाडी अशा रुळावर उभी करायची की जो दोन्ही टोकांना उघडा आहे, म्हणजे दोन्ही दिशांना लगेच निघता येतं, समोर दुसरी गाडी येऊन थांबली म्हणून अडकत नाही. असा दोन्हीकडून उघडा रूळ असेल तर ऑर्डर आल्यापासून १५ मिनिटांत गाडी हलली पाहिजे, एकाच बाजूने उघडा असेल तर २० मिनिटांत. हा नियम आहे, नुसती अपेक्षा नाही, आणि मिनिटं लिहून ठेवली जातात. बाबा सांगायचे की त्यांच्या चपला रात्री कायम दाराकडे तोंड करून असायच्या. आम्ही भावंडं खेळताना त्या हलवल्या तर आईचा मार पडायचा, बाकी कशावरून आईने हात उगारल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे गाडी, रूळ, चावी, भोंगा आणि चपला, हे सगळं धरून ती व्यवस्था आहे. डब्यातली औषधं त्याचा एक भाग झाला.

आणि तो भाग पण सोपा नाही. भुसावळचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, त्यात उन्हात उभा लोखंडी डबा. बाबा फ्रिजमधली इंजेक्शनं कधीच डब्यात ठेवायचे नाहीत, ती हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये एका वेगळ्या डब्यात, वर लाल पट्टी, बर्फाच्या पिशव्या शेजारीच गोठवलेल्या, भोंगा झाला की तो डबा उचलायचा आणि निघायचं. निर्जंतुक केलेल्या कापसाचे आणि गॉजचे स्टीलचे ड्रम असायचे, त्यांच्यावर चिकटपट्टीवर तारीख लिहिलेली, वापरले नाहीत तरी ठरलेल्या दिवसांनी ते परत हॉस्पिटलला नेऊन ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून, परत आणायचे. म्हणजे विचार करा, न वापरलेलं सामान पुन्हा पुन्हा धुवायचं, उकळायचं, जागेवर ठेवायचं, वर्षानुवर्षं. ज्या औषधाची मुदत संपायला चार-सहा महिने राहिलेत ते काढून वॉर्डात वापरायला द्यायचं आणि त्याजागी नवीन ठेवायचं, म्हणजे वाया पण जात नाही. त्या वहीतलं बाबांचं अक्षर अजून डोळ्यासमोर आहे, निळ्या शाईत औषध आणि लाल शाईत मुदत. एका कपाटात तळाला पांढऱ्या कापडाचे तागे पण होते. मी लहान असताना विचारलं हे कशाला, तर बाबांनी उत्तर दिलं नाही, नंतर मोठी झाल्यावर कळलं.

रेल्वेने हे एकाच गाडीवर सोडलेलं नाही, हे मला जास्त आवडतं. मोठ्या ठिकाणी पूर्ण व्हॅन, त्याला स्केल वन म्हणतात. जिथे व्हॅन नाही अशा बऱ्याच स्टेशनांवर पेट्या भरून एका खोलीत ठेवलेल्या असतात, ते स्केल टू, अपघात झाला की मिळेल त्या गाडीत त्या पेट्या चढवायच्या आणि न्यायच्या. त्याहून छोटं म्हणजे एका माणसाला उचलता येईल असं किट, त्याला पोमका म्हणतात. जितकं जवळ तितकं छोटं, आणि मागून मोठं येतंय.

कोकण रेल्वे बघा. तिच्यावर रत्नागिरी आणि वेर्ण्याला अशा स्वतः चालणाऱ्या मेडिकल व्हॅन ठेवलेल्या असतात, आत ऑपरेशन थिएटरची सोय, आणि पावसाळ्यात १५ मिनिटांत निघायची तयारी. रोह्यापासून खाली ठोकूरपर्यंत तो मार्ग डोंगरातून, बोगद्यांतून आणि डोंगर कापून केलेल्या खोल कटिंगमधून जातो. २२ जून २००३ ला रात्री वैभववाडीजवळ सुट्टीची स्पेशल गाडी कटिंगमध्ये दरड पडून घसरली, ५० हून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून खाली गेली. भर पावसात अशा कटिंगमध्ये ॲम्ब्युलन्स कुठून नेणार? रस्ता जिथे संपतो तिथून पुढे रूळच असतात, म्हणून दवाखाना रुळावरूनच न्यावा लागतो.

मुंबईचं वेगळं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले तेव्हा रुळाशेजारच्या वस्त्यांमधल्या लोकांनी घरातल्या चादरी आणून त्यांचे स्ट्रेचर केले आणि जखमींना मिळेल त्या गाडीने हॉस्पिटलला नेलं. दाट शहरात माणसंच सगळ्यात आधी पोचतात आणि हॉस्पिटलही जवळ असतं. तिथे सामान हॉस्पिटलच्या दारात तयार पाहिजे. घाटात, आडरानात, जिथे मोठं हॉस्पिटल दोन तासांवर आहे, तिथे सामान चाकांवर पाहिजे.

आणि आपल्याकडे नेमकं तिथेच नाहीये. १०८ ही फार मोलाची गोष्ट आहे, २०१४ ला महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, त्यातल्या डॉक्टर-ड्रायव्हरांना मी रात्रंदिवस बघते, माझा त्यांच्याबद्दल एक शब्द तक्रारीचा नाही. पण ॲम्ब्युलन्स ही एका रुग्णाची गाडी आहे, फार तर दोघांची. तिच्यातलं सामान पण त्याच हिशोबाचं. बस उलटली आणि ४० जण पडले तर तीन ॲम्ब्युलन्स म्हणजे तीन जणांचं सामान, आणि ते सामान पहिल्या तीन जणांना घेऊन निघूनही जातं! मागे उरलेल्या ३७ जणांसाठी तिथे काय उरतं, तर लोकांच्या ओढण्या आणि गमछे.

अमेरिकेत यासाठी बऱ्याच काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांमध्ये, एक ट्रेलर ठेवतात, साधा मागे ओढायचा बंद ट्रेलर. त्यात रुग्ण उचलायच्या फळ्या एकावर एक रचलेल्या, ब्लँकेट, रक्त थांबवायचे पट्टे, जनरेटर, दिवे, एका ऑक्सिजनच्या सोर्सवरून एकाच वेळी कितीतरी रुग्णांना नळ्या जोडता येतील अशी व्यवस्था, आणि लाल-पिवळ्या-हिरव्या ताडपत्र्या. ताडपत्री जमिनीवर अंथरली की तोच वॉर्ड. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे चालू शकतो. ही निवड करायची त्यांची एक पद्धत आहे स्टार्ट नावाची, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचला तयार झाली, आम्हालाही ट्रेनिंगमध्ये शिकवतात. जे चालू शकतात त्यांना आधी बाजूला बोलवा, मग उरलेल्यांचा श्वास मिनिटाला ३० च्या वर आहे का बघा, मनगटाला नाडी लागते का बघा, सांगितलेलं साधं काम करतो का बघा. एका माणसाला मिनिटापेक्षा जास्त द्यायचं नाही. ऐकायला कठोर वाटतं. त्या श्रावणातल्या रात्री मला हे सगळं येत होतं तरी मी जो सगळ्यात जोरात ओरडत होता त्याच्याकडे आधी गेले, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून गप्प बसलेला एक तरुण मुलगा पांढराफटक पडत होता तो मामांना दिसला, मला नाही. कपाळाला बांधायला लाल फीत जरी हातात असती तरी माझी नजर वेगळी फिरली असती असं मला आजही वाटतं.

आपल्या देशातही आता भीष्म क्यूब आलेत, केंद्र सरकारच्या आरोग्य मैत्री प्रकल्पातले. एकूण ७२ छोटे चौकोनी डबे, ३६-३६ च्या दोन पिंजऱ्यांत, सगळे मिळून २०० जखमींवर उपचार करता येतील एवढं सामान, प्रत्येक डबा एका माणसाने उचलावा असा, आणि कुठल्या डब्यात काय आहे ते टॅबलेटवर शोधता येतं. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येला ठेवले होते, त्याच वर्षी मे महिन्यात हवाई दलाने आग्र्याला विमानातून खाली सोडून बघितले, ऑगस्टमध्ये चार युक्रेनला भेट दिले. मला मनापासून आनंद झाला ते वाचून. बाबांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेऊन दोनदा बघितला, म्हणाले फार छान केलंय, लेबल बाहेरून दिसतंय. आणि मग, "हे रात्री कोणाच्या ताब्यात असतं?"

तो एकच प्रश्न मी पण विचारत राहते आता. कसारा, आंबेनळी, वरंध, कुठल्याही घाटाच्या पायथ्याला असा एक ट्रेलर उभा करायला खर्च फार मोठा नाही. पण तो कोणाच्या अंगणात उभा राहील, त्याला ओढणारं वाहन कोणतं आणि त्याचा ड्रायव्हर रात्री कुठे झोपतो, टायरची हवा कोण बघतो, मुदत संपलेलं कोण बदलतो, आणि चावी कुठे आहे. हे लिहून ठेवल्याशिवाय ट्रेलर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नाहीतर ते आमच्या कपाटासारखं होतं, फक्त चाकं असलेलं.

२२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली, लोक खाली रुळावर उतरले आणि दुसऱ्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट. बातमी टीव्हीवर आली तेव्हा मी घरीच होते, बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बसा आता." ते बसले, पण चहा तसाच राहिला.

आमच्या कॅज्युअल्टीत आता एक ट्रॉली आहे. नवीन काही खरेदी नाही झाली, त्या कपाटातलंच सामान बाहेर काढून, जुन्या ड्रेसिंग ट्रॉलीला रंग देऊन केली. मोठ्या मॅडमनी परवानगी दिली, मामांनी चाकांना ग्रीस घातलं. कुलूप नाही, प्लास्टिकचं पातळ सील आहे, ओढलं की तुटतं, आणि तुटलेलं दिसलं की कळतं कोणीतरी उघडलंय. वरच्या कप्प्यात रंगीत फिती आणि कात्री. दुसऱ्यात कॉलर आणि रक्त थांबवायचे पट्टे. तिसऱ्यात स्प्लिंट, खाली ब्लँकेट. यादी बाबांनी फोनवर सांगितली आणि मी लिहून घेतली, औषध निळ्या पेनने, मुदत लाल पेनने. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी आणि दुसरी सिस्टर मिळून सील तोडतो, सगळं बाहेर काढतो, मोजतो, परत ठेवतो, नवीन सील लावतो. पाऊण तास लागतो. नव्या मुली कधी कधी विचारतात की ताई हे तर कोणी हात पण लावला नाही, परत कशाला मोजायचं, आणि मी त्यांना मोजायला लावते.

परवाच्या सोमवारी बाबांना ट्रॉलीचा फोटो पाठवला. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवलेस का?"

ठेवलेत बाबा. टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवलेत.